मी टायगर, मथुराबाईंचा पाहुणा

मी टायगर बोलतोय. नाव वाघाचं असलं तरी जात कुत्र्याचीच. माझी आई अल्सेशियन होती, असं आमचे साहेब आल्यागेल्याला सांगत. वडिलांविषयी कुणी काही बोलत नसे. माझा एक कान ताठ उभा राहतो आणि दुसरा कायम पडलेला असतो. त्यावरून वडील सोलापुरातल्याच कुठल्यातरी गल्लीतले असावेत, असा माझा अंदाज आहे. मला त्याची लाज वाटत नाही.

अभिमान मात्र एका गोष्टीचा फार आहे. मी मथुराबाईंकडे पाहुणा म्हणून राहिलेला कुत्रा आहे. हे वाक्य ऐकून तुम्ही म्हणाल, यात कसला आलाय अभिमान? तेच सांगायला बसलोय.

माझे साहेब, वेणीमाधवराव, सोलापुरातल्या एका कापड गिरणीत मोठ्या हुद्द्यावर होते. रेल्वे लाईन्सकडे आमचा बंगला होता. मी आलो तेव्हा एका टोपलीत मावत होतो. साहेबांच्या पत्नी मालतीबाई मला मांडीवर घेऊन बाटलीने दूध पाजत. त्यांना मूलबाळ नव्हतं. साहेब दिवसभर गिरणीत असत, संध्याकाळी क्लबात. त्यामुळे बाई माझ्याशी पुष्कळ बोलत, आणि कंटाळा आला की प्रवासाला निघत. कधी नागपूरला माहेरी, कधी पुण्याला, कधी थंड हवेच्या ठिकाणी. मला गाडीत उलटी होते, म्हणून मला नेत नसत.

मग मला ठेवायचं कुठे? ऑफिसातल्या कुणीतरी मथुराबाईंचं नाव सांगितलं.

मथुराबाई मूळच्या वैरागच्या. गिरणीच्या मागच्या वस्तीत टोकाचं घर त्यांचं. पुढे करंजाचं झाड, भोवती काट्याचं कुंपण आणि बाभळीच्या फळ्यांचं फाटक. शेजारची गौरम्मा लेकीच्या बाळंतपणाला अक्कलकोटाकडे गेली, तेव्हा तिची शेळी मथुराबाईंनी सांभाळली. शेळी परत नेताना इतकी तुकतुकीत दिसत होती, की वस्तीभर मथुराबाईंचं नाव झालं. मग कुणाच्या कोंबड्या आल्या, मराठी शाळेतल्या मास्तरांचा पोपट आला, एका विणकराचं आंधळं मांजर आलं. गावाला जाणारे लोक जनावर आणून सोडत आणि आल्यावर ठरलेले पैसे देऊन घेऊन जात.

पहिल्या दिवशी मी दातओठ खाऊन गुरगुरलो होतो. मथुराबाई जवळ आल्याच नाहीत. करंजाखाली जुनी चादर पसरली, परातीत पाणी ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून ज्वारी पाखडत बसल्या. दुपारपर्यंत मीच उठून त्यांच्याजवळ गेलो. "आलास व्हय टायग्या?" त्या म्हणाल्या. "बस की मग."

टायग्या! बंगल्यावर असं कुणी म्हटलं असतं तर मी भुंकलो असतो. इथे मी शेपूट हलवलं.

मथुराबाईंचे यजमान रामहरी आमच्याच साहेबांच्या गिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे रोज सकाळी भोंगा झाला की डबा घेऊन गेटावर उभं राहायचं. कुणी कायमचा कामगार गैरहजर असला तर त्याच्या जागी आत घेणार, नाहीतर डबा घेऊन घरी. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला कायम करायचं, हे वरच्या साहेबलोकांच्या शब्दावर. आणि त्या साहेबलोकांतल्या एकाचं कुत्रं मथुराबाईंच्या करंजाखाली बसलेलं.

म्हणून त्या मालतीबाईंना कशालाच नाही म्हणत नसत.

आधी मला अंघोळ घालून पाठवायचं होतं. मग "आलीच आहेस तर" म्हणून बंगल्यावरच्या कुंड्यांना पाणी घालायचं झालं. मग गहू निवडायचे, पापड लाटायचे, दिवाळीआधी सोफ्याच्या खोळी धुवायच्या. जीप फाटकाशी येऊन हॉर्न वाजवी. मथुराबाई जेवत असल्या तर ताटावरून उठत. त्यांचं नाव बाईंना ठाऊक नव्हतं. "रामहरीची बायको" एवढंच.

आणि परत येण्याचा दिवस! तो कधी पाळला गेला नाही. एकदा मे महिन्यात रेल्वेचा संप झाला आणि मंडळी नागपूरला अडकली. तेव्हा मथुराबाईंनी त्यांना दोष दिला नाही. "गाड्याच बंद, त्या तरी काय करतील," म्हणाल्या. पण पुढे संप नसतानाही सोमवारचा शुक्रवार आणि शुक्रवारचा पुढचा बुधवार होऊ लागला. मी रोज संध्याकाळी फाटकाच्या फळीतून नाक बाहेर काढून जीपची वाट बघायचो. मथुराबाईंना मी कितीही मानत असलो, तरी माझं घर बंगलाच होतं ना.

त्या वर्षी मथुराबाईंच्या लेकीला, प्रभाला, दुसरा मुलगा झाला. बारसं तिच्या सासरी मोडनिंबला होतं. मथुराबाईंनी हाताने कुंची शिवली होती, लाल खणाची, टोकाला गोंडा लावलेली. तिन्हीसांजेला दिव्याच्या उजेडात ती उलटीसुलटी करून बघत. मला दाखवत. "कशी झालीया रं?"

साहेब आणि बाई तेव्हा महाबळेश्वरला गेलेले होते. बारशाच्या दोन दिवस आधी परत येऊ, असं सांगून गेले होते. दोन दिवस आधी आले नाहीत. आदल्या दिवशीही नाही. गौरम्मा म्हणाली, "कुत्र्याला मी बघते की, अक्का. तू जा." पण त्या वेळी मला गौरम्माची सवय नव्हती आणि मी तिच्या शेळीवर धावून गेलो होतो. साहेबांच्या कुत्र्याला काही झालं तर? रामहरींचं काय? मथुराबाईंनी कुंची फडक्यात गुंडाळून रामहरींच्या हातात दिली आणि त्यांना एकट्यांना एस.टी.त बसवलं.

त्या दिवशी त्यांनी मला रोजच्यासारखी भाकरी दुधात चुरून दिली. मग फाटकाशी जाऊन मोडनिंबच्या वाटेकडे बघत उभ्या राहिल्या. पाळण्याशी आजीच्या जागी दुसरंच कुणीतरी उभं राहिलं असेल, आणि मी इथे भाकरी खातोय. मी ती अर्धी तशीच सोडून दिली.

मालतीबाई पुढच्या आठवड्यात आल्या. "अगं, हवा इतकी छान होती, म्हटलं राहू अजून," एवढंच म्हणाल्या. स्ट्रॉबेरीच्या जॅमची बाटली दिली. मथुराबाईंनी ती घेतली. मला जीपमध्ये चढवताना मागून गौरम्माचा आवाज आला, "बेड म्हन की, अक्का, बेड! तोंड हाय न्हवं तुला?" बेड म्हणजे कानडीत नको. एवढं कानडी सोलापुरातल्या कुत्र्यालाही कळतं.

काही दिवसांनी बाईंनी पुन्हा माझी चादर जीपमध्ये टाकली. आधी निरोप नाही, विचारणं नाही. सकाळची वेळ. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. आतून कुणी धावत आलं नाही. पुन्हा वाजवला. मग मथुराबाई आल्या, हात पदराला पुसत, सावकाश. फाटक उघडलं नाही. फळीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"बाईसाहेब, आज न्हाय जमायचं."

"न जमायला काय झालं? आम्हाला दुपारची गाडी गाठायचीय."

"जेवत हुते मी. आन उद्या मोडनिंबला जानार हाय, नातवाला बघाया. तुमी इचारलं असतं तर आदीच सांगितलं असतं."

"नातू काय पळून जाणार आहे का? चार दिवसांनी जा."

मथुराबाईंचा हात फळीवर घट्ट झाला. आवाज मात्र चढला नाही. "तुमचं चार दिवस कवा संपत्यात, त्ये मला म्हाईत न्हाय. बारसं गेलं माजं. आता आसं बगा, जनावर आनायचं तर आदी इचारायचं. कवा न्येनार त्ये सांगायचं, आन त्या दिवशी न्यायचं. अडचन आली तर निरोप धाडायचा. भोंगा वाजवायचा न्हाय. आन मी जनावर सांभाळती, घरकाम करत न्हाय. हे पटत आसंल तर टायग्या माज्या लेकरासारका हाय. न्हाय तर न्हाय."

मालतीबाईंचा चेहरा लाल झाला. "रामहरीचं अजून कायम व्हायचंय, हे विसरलीस वाटतं?"

मी जीपमध्ये उभा होतो. मला वाटलं, आता फाटक उघडेल.

"त्ये त्येंचं आन साहेबांचं काम हाय," मथुराबाई म्हणाल्या. "त्ये माज्या फाटकाशी आनू नका. आन मला रामहरीची बायको म्हनू नका. मथुरा म्हनत्यात मला."

जीप वळली. मी मागच्या फळीवर पाय टेकून रडलो, भुंकलो. मथुराबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी मला हाक मारली नाही. खरं सांगतो, त्या दिवशी मला त्यांचा राग आला. मी काय केलं होतं? मला का नाही घेतलं? हा राग बरेच दिवस टिकला. मला नाही म्हणणं त्यांना किती जड गेलं असेल, ते मला फार उशिरा उमगलं.

बाई प्रवासाला गेल्या नाहीत. साहेब एकटेच गेले. बाईंनी त्या आठवड्यात प्रथमच मला स्वतःच्या हाताने जेवू घातलं, रोज फिरवलं. रागारागाने चालत, पण चालत.

साहेब परतल्यावर एकदा दोघं जेवत होते, मी टेबलाखाली होतो. साहेब हसत म्हणाले, "रामहरीला आत घेऊ नका म्हणून जातानाच सांगून गेलो होतो गेटवर. महिनाभर डबा घेऊन परत जाईल, मग बायकोचं डोकं ठिकाणावर येईल."

बाईंच्या हातातला चमचा खाली आला. "हे मी करायला सांगितलं नव्हतं."

"तूच तर रडत आली होतीस."

"रडले. पण त्याचा डबा काढून घ्या असं म्हणाले नव्हते."

साहेबांनी पेपर उघडला. बाई ताट तसंच ठेवून उठल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी माझा पट्टा घेतला आणि जीप न बोलावता चालत निघाल्या. ऊन होतं. रस्ता त्यांना ठाऊक नव्हता, मी ओढत नेलं. फाटकाशी आल्यावर त्या थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मथुराबाई, आहात का?"

मथुराबाई बाहेर आल्या. मागे जीप नाही, हे त्यांनी पाहिलं. मग फाटक उघडलं. मथुराबाईंनी करंजाखाली चादर पसरली, गूळ-पाणी आणलं. मालतीबाई चादरीवर बसल्या. "माझं चुकलं," म्हणाल्या. "बारशाचं मला कळायला हवं होतं. आणि रामहरींचं... मी साहेबांशी भांडले आहे. त्यांना उद्यापासून आत घेतील."

रामहरी दारातच उभे होते. "नगं, बाईसाहेब," ते म्हणाले. "म्या अक्कलकोट रोडला कारखान्यात लागलोय, टावेलाच्या मागावर. तितं गेटावर हुबं ऱ्हावं लागत न्हाय."

पुढे गौरम्माच्या तोंडून मला कळलं. रामहरींना पहिल्यांदा गेटावर 'साहेबांनी नको म्हटलंय' असं सांगून परत पाठवलं, तेव्हा मथुराबाई उंबऱ्यात बसून म्हणाल्या होत्या, "माज्यापायी झालं. जाऊन माफी मागू का?" रामहरींनी डबा खाली ठेवला आणि म्हणाले, "तू न्हाय म्हनलीस त्ये म्या भोगीन. पर आता परत व्हय म्हनू नगंस." आणि सायकल काढून काम शोधायला गेले.

त्यानंतर मी मथुराबाईंकडे कितीतरी वेळा राहिलो. ठरल्या दिवशी गेलो, ठरल्या दिवशी परत आलो. जीप कोपऱ्यावर थांबे आणि बाई चालत येत. वस्तीतही सगळ्यांना कळलं होतं. पोपटवाले मास्तर एकदा ऐन जेवणाच्या वेळी पिंजरा घेऊन आले, तर मथुराबाईंनी आतूनच सांगितलं, "बसा वाईच, मास्तर. जेवून हात धुऊन येती." मास्तर पिंजरा मांडीवर घेऊन दगडावर बसून राहिले. एकाने आपला चावरा कुत्रा गरीब आहे असं सांगून आणला, त्याला त्याच पावली परत पाठवलं. लोक नाराज झाले, पण दुसरीकडे गेले नाहीत. प्रभाचा धाकटा मोडनिंबहून येई तेव्हा माझा पडलेला कान धरून उभा राहायला शिकला.

मग साहेबांची नागपूरला बदली झाली. मी तोवर जाडसर झालो होतो, गाडीत उलटीचा त्रास तसाच होता. साहेब बाईंना म्हणाले, "कुत्रं त्या मथुराबाईला देऊन टाक. तिला लळा आहे." बाई मला घेऊन आल्या आणि चाचरत तसं म्हणाल्या.

मला वाटलं, आता तरी त्या हो म्हणतील. मी त्यांच्या पायाशी जाऊन बसलो.

मथुराबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. खूप वेळ ठेवला. मग म्हणाल्या, "बाई, माज्याकडं जनावर पावना म्हनून येतं. टाकून दिल्यालं येत न्हाय. रोज सांजच्याला ह्यो तुमची वाट बगतो, मी बगितलंय की. मला द्याल, तर ह्यो म्हातारा हुस्तवर फाटकात बसंल. लळा मला लई हाय, म्हनूनच न्हाय म्हनती." त्यांचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती. "गाडीत वकंल तर वकंल. फडकं घ्या संगट."

मालतीबाईंनी फडकं घेतलं. सोलापूर ते नागपूर माझं डोकं त्यांच्या मांडीवर होतं आणि फडकी दोन लागली.

आता मी नागपुरात आहे. दात गेलेत, मागचे पाय दगा देतात. साहेब निवृत्त होऊन घरी असतात, आपले पाय माझ्या पाठीवर टेकवून पेपर वाचतात. बाई आता प्रवासाला फारशा जात नाहीत. गेल्याच तर शेजारच्या देशमुखांकडे मला सोडताना स्वतः दिवस सांगतात आणि एक दिवस आधीच येतात. देशमुखीण बाई त्यांना हसतात.

गल्लीतली पोरं मला 'म्हातारा टायगर' म्हणतात. नवी कुत्री माझ्यापुढे मिरवतात, कुणाचा पट्टा मुंबईचा, कुणाची आई विलायती. मी शांतपणे ऐकतो. तुम्हीही गावाला निघालात आणि आपलं मुकं जनावर कुणाच्या दारी सोडलंत, तर त्या घरातही ताट वाढलेलं असतं, तिथेही कुणाचं बारसं असतं, एवढं लक्षात ठेवा. बाकी माझी काही तक्रार नाही. जिनं मला ठेवून घेतलं असतं तर मी खूश झालो असतो, तिनं मला ठेवून घेतलं नाही. म्हणून मी एक दिवससुद्धा कुणाचा टाकलेला कुत्रा नव्हतो.