डोमाच्या वाट्यावरचं पान

माझा भाऊ डोमा बारा वर्षांनी सिलोनहून आला, तो बायकोपोरांना घेऊन आला. पण मला भेटायला आला असं म्हणू नका. चांद्याला मासोळीवाल्या साहेबांची परिषद होती, तिचं त्याला आवतण होतं. दोन दिवस परिषद, एक दिवस आमच्या तलावावर सहल, मग आलापल्लीच्या जंगलात वाघ. यात बहिणीला कुठे जागा? पत्रात त्याने लिहिलं होतं, ‘जमल्यास घरी येऊन जाईन.’ मास्तरांनी ते वाक्य दोनदा वाचलं, कारण मी दोनदा वाचायला लावलं.

आम्ही ढिवर. आमच्या गावची रीत अशी, की तलावात मोठं जाळं ओढलं की पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, माशांचे ढीग घालायचे, जाळं ओढणाऱ्या दर घराला एक, घरातल्या एकाच पुरुषाच्या नावाने. बाईने जाळं ओढायचं नाही, म्हणून बाईच्या नावाचा ढीग नाही. पुरुष परमुलखात गेला असेल तर त्याचाही ढीग घालायचा आणि वर पळसाचं पान ठेवायचं. पण हे बारा वर्षंच. तेवढ्यात त्याने येऊन पाण्यात पाय टाकला, जाळ्याचा दोर धरला, तर पुढची बारा. नाही धरला तर नाव संपलं. मेलेल्याचं मात्र निराळं. मेलेल्याच्या घरात त्याचं सुतक धरणारी बाई जिवंत आहे तोवर त्याचा ढीग कोणी बंद करू शकत नाही.

माझा नवरा देवीच्या साथीत गेला आणि मी बापाच्या घरी परतले. बापाने जाळं सोडून घराचा ढीग आधीच डोमाच्या नावावर केला होता. लढाई संपली त्या साली डोमा एका साहेबाचा स्वयंपाकी म्हणून मद्रासला गेला, तिथून सिलोनला. रोहूची अंडी तळ्यात कशी धरायची हे म्हणे तिकडे कुणाला धड जमत नव्हतं. आमच्या बापाने, सोमाजीने, ते डोमाला कान पिळून शिकवलं होतं. झाला साहेब! इकडे बाप तीन वर्षं अंथरुणाला खिळला, त्याचं हगणंमुतणं मी काढलं, डोमाच्या ढिगावर. चार मासे खायचे, बाकीचे देऊन तांदूळ आणायचा. तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात. मी राखलं आणि चाखलंही, खोटं कशाला बोलू?

त्या पौषात बारावं वर्ष संपत होतं. आमचा चुलतभाऊ मनसाराम जातीचा पंच, तो बोटं मोजूनच बसला होता. एक ढीग कमी झाला की बाकीचे फुगतात, आणि पंचाचा सगळ्यांत आधी.

सहलीच्या आदल्या दिवशी दुपारी जीप दाराशी थांबली. डोमा एकटाच उतरला. बायको आणि दोन पोरी आतच बसून राहिल्या. बायकोने नाकाला रुमाल लावला होता. अंगणात मी मासे वाळत घातले होते, म्हणून तिला बोल लावत नाही.

“पोरींले उतरव नं,” मी म्हटलं. “भात मांडला हाये.”

“बाई, टाइम नाई. आयक. उद्या सगळे साहेब लोक येऊन राह्यले. त्याइच्यासमोर मले ओळख देऊ नको.”

“काऊन?”

तो आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, “तिकडं मी सांगतलं हाये का आपला बाप मालगुजार होता. तलाव त्याचाच होता. बायकोलेबी तेच ठाऊक हाये.”

आमच्या बापाने जन्मभर गावच्या मालकाच्या, मालगुजाराच्या शिव्या खाल्ल्या. मेल्यावर त्याला मालगुजारी मिळाली! डोमा आला त्याच्या आदल्या साली सरकारने आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून उचलून मुंबई राज्यात घातला होता. म्हणजे मीही जागची न हलता परमुलखात गेले होते. पण मी बापाची जात बदलली नव्हती.

“बापाले मालगुजार कर नाई तं राजा कर,” मी म्हटलं. “पन उद्या दोर धर. एक डाव पाण्यात पाय टाक. नाई टाकला तं माहा ढीग गेला. मंग मी काय खाऊ?”

“त्या लोकाइसमोर बूट काढून चिखलात उतरू? मी तुले तिकडून लुगडी धाडीन.”

“लुगडी शिजवून खाऊ का?”

त्याने सिलोनच्या चहाचा डबा ओट्यावर ठेवला आणि निघून गेला. त्याची धाकटी जीपमधून हात हलवत होती. मी नाही हलवला. अजून त्याचं वाईट वाटतं, पोरीचा काय दोष होता?

दुसऱ्या दिवशी पाळीवर साहेबांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. गोरे, काळे, सगळ्या रंगांचे साहेब आले. डोमा डोक्यावर हॅट घालून त्यांच्यामध्ये उभा राहून हात फिरवून तलाव दाखवत होता, जणू काठीने रेघ मारून बापानेच खोदला होता. जाळं निघालं. ढीग पडले. शेवटच्या ढिगावर मनसारामाने पळसाचं पान ठेवलं, आणि पंचाला शोभेलशा आवाजात म्हणाला, “बारा साल झाले. सोमाजीचा डोमा आला असंल तं दोर धराव.”

सगळं ढिवरवाडं हॅटकडे बघत होतं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मनसाराम दोर घेऊन सरळ त्याच्यासमोर गेला.

“साहेब, आमच्या सोमाजीचे डोमा तुमीच नं?”

डोमाच्या बाजूला त्याची बायको उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग दोराकडे. दोरातून पाणी गळत होतं.

“नहीं भाई,” तो म्हणाला. “आप को धोखा हो रहा है. मैं तो सिलोन का आदमी हूं.”

काल माझ्या दारात झाडीपट्टीची बोली बोलणारा, आज हिंदी! माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मनसारामाला मात्र बरंच वाटलं. तो परत येऊन पान उचलायला वाकला.

“डोमा आला नाई. नाव संपलं.”

“हात नोको लावू, मनसारामभाऊ,” मी म्हटलं. “डोमा मेला.”

“येडी झाली का? मेला? तुले त्याचे पत्रं येतेत.”

“पत्रं धाडनारा तं हा साहेब. अन् हा म्हनते, मी डोमा नोहे. मंग डोमाचं पत्र बारा सालात आलंच कुठी? मेलेल्याची रीत कर. तीन हाका मार. हूं नाई आलं तं मेला.”

मनसारामाने पानाकडे नेलेला हात मागे घेतला. इतकी वर्षं मला रीत शिकवली त्याने, आता त्याच रितीत त्याचं बोट अडकलं होतं. साहेबाला खोटं पाडायची त्याची छाती नव्हती. तो पाण्याकडे तोंड करून उभा राहिला.

“सोमाजीच्या डोमा, जित्ता असशील तं हूं म्हन!”

हसणं थांबलं. पहिल्या हाकेला मी डोमाकडे रागाने बघत होते. दुसऱ्या हाकेला राग कुठे गेला कळलं नाही. मनात नुसतं चाललं होतं, म्हण रे, हूं म्हण. ढीग गेला तर जाऊ दे, मी कुणाची धुणीभांडी करीन. याला मी कडेवर घेऊन याच पाळीवरून फिरले होते. एवढं एक हूं त्याने म्हणावं!

तिसरी हाक झाली. आवाज आला नाही.

एका गोऱ्या साहेबाने त्याला इंग्रजीत काहीतरी विचारलं. डोमाने दोन शब्दांत सांगितलं. तशी साहेबांनी एकामागून एक हॅटी काढल्या आणि माना खाली घातल्या. सगळ्यांत शेवटी डोमाने काढली. टाळूवर त्याचे केस पातळ झाले होते, बापासारखे.

मी पान उचललं, पाण्यात सोडलं आणि लुगड्यासकट गळ्याएवढ्या पाण्यात उतरून डोकं बुडवलं. पौषाचं पाणी, पण थंडी वाजली नाही. वर आले तेव्हा मनसारामाने ढीग माझ्याकडे सरकवला. आता तो मी मरेपर्यंत माझा. मोठा रोहू होता त्यात, अजून तोंड उघडमीट करणारा. जिंकले म्हणायचं, पण माझं रडणं थांबत नव्हतं आणि मी ते लपवलंही नाही.

सुतकात मासोळी चालत नाही. म्हणून तो सगळा ढीग टोपलीत भरून मी डाकबंगल्यावर पाठवून दिला, सिलोनच्या पाहुण्यांसाठी म्हणून. दुसऱ्या दिवशी आलापल्लीला निघताना जीपवाला बिरजू टोपली परत द्यायला आला. म्हणाला, बाईने आणि पोरींनी मासे मागून मागून खाल्ले, साहेबाने मात्र ताटाला हात लावला नाही. म्हणजे डोमाचं सुतक आम्ही दोघांनीही पाळलं.