साहेबांच्या शुभहस्ते

मला राग लवकर येतो, हे शनिवार पेठेतल्या आमच्या भाजीवाल्यापासून सगळ्यांना माहीत आहे. एकतीस वर्षं सरकारी आयटीआयमध्ये टर्नरचा ट्रेड शिकवला. गळ्यात रुमाल लोंबत ठेवून लेथपाशी उभं राहणाऱ्याला मी सरळ वर्गाबाहेर काढत असे. निवृत्तीनंतर गप्प घरी बसावं की नाही? पण धायरीत सरकार, एक कंपनी आणि तिथलं तरुण मंडळ यांनी मिळून मुलींसाठी प्रशिक्षण केंद्र काढलं. शिकवायला कुणी मिळेना, म्हणून मला विचारलं आणि मी हो म्हणून बसले.

समाजमंदिराच्या हॉलमध्ये एक सीएनसी मशीन, दोन जुने लेथ आणि पंचवीस मुली. योजना सरकारची, मशीन कंपनीचं, जागा मंडळाची. बोर्डावर तिघांची नावं अगदी एकाच आकाराची, त्यावरून म्हणे दोन बैठका झाल्या होत्या. मुलींना पाणी प्यायला माठ मात्र मी घरून नेला.

या मुलींत अक्षता होती. धायरी गावठाणातली, वीस वर्षांची. माप घ्यायला व्हर्नियर लावायच्या आधीच ती म्हणायची, "मॅडम, हा पीस जरा जास्त कटलाय," आणि तो कटलेला असायचा. असा हात मी एकतीस वर्षांत तीनदा पाहिला असेल. भोसरीच्या एका कारखान्यानं तिची चाचणी घेतली आणि लगेच निवडलं. अट एकच होती. मूळ प्रमाणपत्र शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत जमा करायचं, नाहीतर यादीतली पुढची मुलगी. झेरॉक्स चालणार नव्हती, मोबाईलवरचा फोटोही नाही.

प्रमाणपत्र तयार होतं, हीच तर गंमत. परीक्षा होऊन महिना झाला होता. पंचवीस प्रमाणपत्रं छापून, सह्या-शिक्क्यांसकट मंडळाच्या ऑफिसातल्या कपाटात पडून होती. त्यावर एक सही माझीच होती. पण ती वाटायची साहेबांच्या शुभहस्ते. साहेब म्हणजे कोण ते सांगत बसत नाही. ज्यांच्या गाडीच्या पुढे आणखी एक गाडी धावते, ते. त्यांनी आधी चार तारीख दिली, मग अकरा, मग नुसतंच 'कळवतो'.

सोमवारी अक्षतानं मला ती शुक्रवारची अट सांगितली. मी तडक मंडळाच्या अध्यक्षाकडे गेले. पृथ्वीराज, वय तीस, कपडे पांढरेशुभ्र, डोळा पुढच्या निवडणुकीच्या तिकिटावर. कपाटाची किल्ली त्याच्याच खिशात असायची.

"एक प्रमाणपत्र काढून दे. मुलीची नोकरी अडलीय," मी म्हटलं.

"मॅडम, एक आधी दिलं तर स्टेजवर चोवीसच मुली राहतील. बॅनरवर पंचवीस छापलंय."

"मग पंचविसावी मी उभी राहते. केस काळे करून येते."

"चेष्टा नका करू मॅडम. किल्ली माझ्याकडं आहे, पण डिसिजन माझा नाही ना. खात्याला विचारा."

खात्याला विचारलं. तिथले अधिकारी अतिशय नम्र. "आपलं म्हणणं अगदी रास्त आहे. पण प्रमाणपत्रांचं वितरण हे मंडळाच्या अखत्यारीत येतं. आपण लेखी द्या." कंपनीला फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "मॅम, आम्ही फक्त मशीन दिलंय. ग्राउंडवरचं सगळं मंडळ बघतं." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. भागीदारी म्हणतात ती हीच. श्रेय घ्यायला तिघंही पुढे, आणि कुठे अडलं म्हटलं की प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडे.

त्या संध्याकाळी मी तीन अर्ज लिहिले. विषय, संदर्भ, महोदय, सविनय. दुसऱ्या दिवशी तिन्ही ठिकाणी स्वतः जाऊन दिले, पोच घेतली, आवक क्रमांक टिपून ठेवले. माझ्या अर्जात खोट काढणं खात्यात कधी कुणाला जमलं नाही, याचा मला आजवर अभिमान होता.

बुधवारी अक्षता केंद्रावर आली. "मॅडम, आता काय करायचं? तुम्ही सांगाल ते करते."

"अर्ज दिलेत. उत्तराची वाट बघायची."

"आणि उत्तर नाही आलं तर?"

"स्मरणपत्र पाठवू," मी म्हटलं.

गुरुवारी पृथ्वीराजचा फोन आला. साहेबांनी वेळ दिली होती, शुक्रवारी दुपारी दोन. मी हिशोब केला. अडीचला प्रमाणपत्र हातात, चारपर्यंत भोसरी. मी रिक्षासुद्धा सांगून ठेवली आणि अक्षताला म्हटलं, बघ, झालं की नाही काम.

शुक्रवारी दोनला मांडव भरला. मुली पिवळ्या टी-शर्टात पहिल्या रांगेत, मी स्टेजवर कडेच्या खुर्चीत, छातीवर 'प्रशिक्षक' असा बिल्ला. अक्षताची आई शकूताई मागे उभ्या होत्या, कामावरून सुट्टी घेऊन आलेल्या. तीन वाजले, साहेब निघाले होते. साडेतीन वाजले, साहेब तेव्हाही निघालेच होते. पावणेचारला दोन कार्यकर्त्यांनी प्रमाणपत्रांचं ताट आणून स्टेजवरच्या टेबलावर ठेवलं आणि त्यावर लाल मखमल पांघरली.

मी पृथ्वीराजला गाठलं. "आता तरी दे. ती रिक्षा बाहेर उभी आहे."

"मॅडम, ताट सजवलंय आता. साहेब पाच मिनिटांत येतील. प्लीज, सीन नका करू."

मी खुर्चीत जाऊन बसले. अक्षतानं ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी हातानं खूण केली, थांब, बस. स्टेजवरच्या वस्तूला कार्यक्रमाआधी हात लावायचा नाही, ही नोकरीत मुरलेली सवय. आणि खोटं कशाला बोलू, साहेब आज केंद्राला दुसरं मशीन जाहीर करणार अशी कुणकुण होती. ते मशीन मला हवं होतं.

पाच वाजले. पाच वाजून दहा मिनिटांनी अक्षताचा फोन वाजला. ती बाजूला जाऊन बोलली आणि परत जागेवर येऊन बसली. तिचं तोंड बघूनच मला कळलं. यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावलं होतं.

साहेब सहा वाजून वीस मिनिटांनी आले. हार, नारळ, दीपप्रज्वलन. साहेबांनी तरुणांच्या हातांना काम देण्याबद्दल बराच वेळ भाषण केलं आणि दुसरं मशीन जाहीर केलं. टाळ्या. मग पृथ्वीराजनं माईक घेतला. सोमवारी मी त्याच्यापुढे नोकरीसाठी घसा कोरडा केला होता, त्यातलं एवढं मात्र त्यानं नेमकं लक्षात ठेवलं होतं. "आपल्या केंद्राची अक्षता आता भोसरीच्या कारखान्यात रुजू होतेय! आपल्या भागीदारीचं हे पहिलं यश!"

अक्षता वर आली. साहेबांनी तिच्या हातात प्रमाणपत्र दिलं आणि कॅमेऱ्याकडे बघितलं. कुणीतरी तिच्यापुढे माईक धरला, दोन शब्द बोल म्हणून.

"हा कागद पाचच्या आत द्यायचा होता," ती म्हणाली. "पाच वाजता माझी नोकरी गेली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चार तास माईकवर कुणी काहीही बोललं की ते टाळ्याच वाजवत होते. साहेब तिच्या पाठीवर थाप देऊन म्हणाले, "छान. अशाच पुढे जा." मग त्यांनी मला शाल घातली. मी ती घालून घेतली.

कार्यक्रम संपल्यावर मी मांडवाबाहेर तिला गाठलं. "मी सोडणार नाही यांना. एकेकाला उघडा पाडते. उद्याच वरपर्यंत जाते."

"अर्ज घेऊन?" अक्षतानं विचारलं.

मी खांद्यावरची शाल काढून तिची घडी घालू लागले.

"ताट समोर होतं मॅडम. वीस पावलं पण नव्हती. मी तुमच्याकडं बघितलं." तिचा आवाज चढलेला नव्हता, तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "तुम्ही नुसती मान हलवली असती तरी मी उचलून पळाले असते. तुम्ही बस म्हणालात."

"अक्षता, मला वाटलं…"

"जाऊ द्या. आता आईला तुम्ही सांगा. मला नाही जमणार."

शकूताई गर्दीतून वाट काढत आमच्याकडेच येत होत्या. हातात पेढ्याचा पुडा होता, पृथ्वीराजनं माईकवर पोरीचं नाव घेताच कोपऱ्यावरच्या दुकानात धावत जाऊन आणलेला. त्यांनी आधी मला वाकून नमस्कार केला.

"बाई, पोरगी कामाला लागली, आन् मला बोलली न्हाई बघा," त्या हसत म्हणाल्या आणि पेढा माझ्या तोंडापुढे धरला.