पेळूच्या वहीतला रकाना

सुईचं नारिंगी टोपण फरशीच्या फटीत अडकून बसलं होतं आणि बाळकृष्ण ते नखाने उकरत होता. सकाळी सातला सुई देताना हातातून निसटलं असावं. नंतर जे झालं त्यात टोपणाची आठवण कुणाला राहणार! आता चार वाजले होते. टोपण निघत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते निघू नये असंच त्याला वाटत होतं, कारण ते निघालं की मान वर करावी लागणार, आणि मान वर केली की शिलाई मशीनखाली निजलेली पेळू दिसणार.

निजलेलीच होती ना? त्याने तिरक्या नजरेने पाहिलं. पोट वरखाली होत होतं. बरं.

पेळू मिलची मांजर. रुईच्या गोदामात उंदरांवर ठेवलेल्या पाचसात मांजरांपैकी एक, पांढरी, लांबट, कापसाच्या पेळूसारखी — म्हणून पेळू. दोन वर्षांपूर्वी मिलच्या फाटकाला शेवटचं कुलूप लागलं त्या दिवशी कुणी काय काय घरी नेलं. बाळकृष्णने, सव्वीस वर्षं टाइमकीपर राहिलेल्या माणसाने, सदऱ्याच्या आत ही मांजर आणली. स्नेहलतागंजच्या या दोन खोल्यांत ती दूधपोळी खाऊन उशीएवढी झाली, आणि मग गेल्या दिवाळीपासून वाळायला लागली. पाणी पिते ते पिते, बादलीशीच बसलेली; मागच्या पायांच्या टाचा टेकवून म्हातारीसारखी चालते. पलासियाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मधुमेह आहे. मांजराला मधुमेह! गल्लीभर हसले लोक. पण बाळकृष्णला हसू आलं नाही, उलट — हे बायकोला, शोभनालाही त्याने सांगितलं नव्हतं — आत कुठेतरी हुशारी आली. दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने, इन्सुलिनची सुई, दोन युनिट. सकाळी सात, संध्याकाळी सात. म्हणजे वेळेचं काम. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी त्याच्या वेळेची गरज पडली होती.

त्याने वही आखली. तारीख, वेळ, युनिट, सही. सही सुद्धा… स्वतःच्याच घरात, मांजराच्या वहीत सही! शोभना म्हणाली होती, "तुम्ही म्हणजे ना, कमाल करता." आणि ती हसली होती, पण बरं वाटून हसली होती. सुईची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठात, कारण घरात फ्रिज नाही. कोंबडीचे उकडलेले तुकडे मिलमधला जुना कामगार विष्णू आणून द्यायचा, मागच्या दाराने, कागदात बांधून, शेजारच्या काकूंना वास लागू नये अशा बेताने. तीन आठवड्यांत पेळूच्या टाचा उचलल्या गेल्या. परवा तर ती खिडकीत चढून बसली. शोभना शाळेतून आली, तिने पाहिलं, आणि पदराने डोळे पुसले.

आणि आज सकाळी…

आज सकाळी ताटलीतले तुकडे कालचे होते. पेळूने हुंगले आणि तोंड फिरवलं. शोभना साडेसहालाच शाळेत गेलेली. घड्याळात सातला दोन कमी. त्याने ताटली पुढे सरकवली, तिने मागे घेतलं अंग. एक कमी. सात. त्याने मानेमागची कातडी चिमटीत धरली आणि सुई दिली. वहीत लिहिलं: ७.००, दोन युनिट. सही. मी काय चुकलो? मी वेळ चुकलो नाही — हेच तर वाटलं होतं त्या क्षणी, आणि केवढं समाधान वाटलं होतं!

नवाच्या पुढे ती लडखडली. उठायला गेली आणि कुशीवर पडली, मान एकीकडे ओढली जायला लागली, तोंडातून लाळ. बाळकृष्ण नुसता उभा. हातात वही. खरंच, हातात वही घेऊन उभा होता तो, पंचावन्न वर्षांचा माणूस, आणि "पेळू, ए पेळू" एवढंच म्हणत होता. मागचं दार वाजलं. विष्णू कागदाचं पुडकं घेऊन आला होता. त्याची अंड्यांची गाडी संध्याकाळी लागते, सकाळी तो मोकळा असतो. मिल चालू असताना गोदामात होता तो, पेळूला आपल्या चहातलं दूध द्यायचा.

"बाबूजी, शक्कर आणा! शक्कर आणि थोडंसं पाणी. जल्दी करा!"

साखरेचा डबा कुठे असतो हे बाळकृष्णला आठवेना. विष्णूनेच फळीवरून काढला, वाटीत कालवली, बोट बुडवून पेळूच्या गालाच्या आत, हिरड्यांवर, हळूहळू फिरवायला लागला.

"घशात नाही ओतायचं, ठसका लागतो. असं चटवायचं बस. सुई कधी दिली?"

"सातला. बरोब्बर सातला."

"आणि खाल्लं काय तिने?"

बाळकृष्णने भरल्या ताटलीकडे बोट केलं.

"आईला पण असंच झालं होतं," विष्णू बोटाकडे बघत बोलत होता. "रात्री सुई लावून घेतली आणि जेवलीच नाही. पहाटे बघतो तर पसीना-पसीना, ओळखेना मला. मग अशीच शक्कर चटवत बसलो, उजाडेपर्यंत."

बऱ्याच वेळाने पेळूने डोकं उचललं, जीभ बाहेर काढली आणि विष्णूचं बोट चाटलं. विष्णू मोठ्याने हसला.

"आज तुम्ही जरा लेट झाला असता ना बाबूजी, तर बरं झालं असतं."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर किती सोपं झालं असतं.

कारण ती सकाळ बाळकृष्णला आठवत होती, ती म्हणजे फाटकावरची सकाळ, आठ वर्षांपूर्वीची. सातच्या पाळीला पाच मिनिटांची सूट. पाचच्या पुढे फाटक बंद. फाटकावरच्या घड्याळात सात वाजून सहा मिनिटं झालेली, आणि विष्णू धावत आला, बटणं न लावलेला, सळईला धरून म्हणाला, "बाबूजी, आईला शक्कर चटवत होतो, खोटं नाही बोलत." बाळकृष्ण काय म्हणाला होता? म्हणाला होता, "का रे, घरी सत्यनारायण होता काय?" दरवान हसला. आत शिरलेले चारजण थांबून हसले. विष्णूचे हात साखरेने चिकट असतील तेव्हा. सळईला लागले असतील. तो त्या महिन्यातला त्याचा उशिराचा तिसरा शेरा. सात वर्षं बदली कामगार राहून तो कायम व्हायचा होता, त्या शेऱ्यांपायी झाला नाही, आणि मग मिलच बंद झाली.

पण एवढंच असतं तर… नियम तो नियम, असं म्हणून आठ वर्षं झोप लागलीच होती की. एवढंच नव्हतं. फाटकावरचं घड्याळ चार मिनिटं पुढे होतं. बाळकृष्ण रोज सकाळी रेडिओवर मनगटी घड्याळ लावायचा, त्यामुळे त्याला ते माहीत होतं, चांगलं पंधरा दिवसांपासून माहीत होतं. घड्याळाची किल्ली त्याच्याचकडे. बोललो असतो तर आधीचे सगळे शेरे उकरले गेले असते, साहेबाने विचारलं असतं, टाइमकीपर झोपला होता काय? म्हणून एका रविवारी, फाटकावर कुणी नसताना, तो स्टूल घेऊन चढला आणि काटा गुपचूप मागे केला. विष्णू खरं तर सात वाजून दोन मिनिटांनी आला होता. विष्णू वेळेत आला होता. हे जगात एकट्या बाळकृष्णला माहीत आहे.

नाक्यावरच्या पीसीओवरून त्याने डॉक्टरीणबाईंना फोन केला होता. "बिना खाए इन्सुलिन नहीं देना है, पहले दिन ही कहा था ना मैंने? शाम को खाए तो एक यूनिट. नहीं खाए तो बिल्कुल नहीं." सांगितलं होतं, खरंच. पण वहीत खाण्याचा रकानाच नव्हता. हजेरीच्या रजिस्टरातही माणसाला उशीर का झाला याला रकाना नव्हता. तेच रजिस्टर हाताने इथे आखलं होतं.

आणि एक वाजता शोभना आली, चपला काढता काढता म्हणाली, "कशी आहे? खाल्लं ना सकाळी?" तर तो म्हणाला, "हो. सगळं." त्याच्याआधीच त्याने भरलेली ताटली माठाच्या तिवईखाली सरकवून ठेवली होती. स्टुलावर चढून काटा मागे केला होता तोही असाच, गुपचूप. माणूस म्हातारा होतो, नोकरी जाते, मिल जाते, आणि ही एवढी एक खोड कशी जात नाही?

टोपण निघालं. त्याने ते खिशात टाकलं.

साडेसहाला शोभनाने विष्णूने आणलेले ताजे तुकडे ताटलीत बारीक करून ठेवले आणि ती पलीकडे भिंतीला टेकून बसली. पेळू येऊन ताटलीशी बसली, पण खाईना. सातला पाच कमी. बाळकृष्णचा हात आपसूक माठाकडे गेला. बाटली गार होती. सात वाजले. त्याच्या बोटांना मुंग्या आल्या, सव्वीस वर्षं या ठोक्याला बोटं काहीतरी करत आली होती. सात वाजून एक. दोन. त्याने बाटली परत फडक्यात गुंडाळली.

"शोभना, सकाळी तिने खाल्लं नव्हतं."

"माहीत आहे मला. माठाखालची ताटली मीच धुतली दुपारी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते," ती म्हणाली. त्याच्याकडे न बघता, पेळूकडे बघत.

त्याला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट एक दार उघडल्यावर त्यामागे दुसरं, मोठं, दिसावं तसं झालं. आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पेळूने एक तुकडा उचलला. चावला. दुसरा. शोभनाने श्वास सोडला. किती वाजले ते बाळकृष्णने पाहिलं नाही. ताटली रिकामी झाल्यावर त्याने एक युनिट दिलं, वही ओढली, सहीच्या आधी एक उभी रेघ मारली, वाकडीतिकडी, पट्टीशिवाय, आणि नव्या रकान्यात लिहिलं: खाल्लं. मग पान मागे उलटून सकाळच्या नोंदीसमोर लिहिलं: नाही खाल्लं.

मागच्या गल्लीत गाडीची चाकं खडखडली आणि दाराशी थांबली. कडी वाजली. विष्णू सकाळी म्हणालाच होता, गाडी घेऊन जाताना बघून जाईन.

बाळकृष्ण उठला. गुडघे धरून, भिंत धरून दारापाशी गेला. कडीला हात लावला तेव्हा पलीकडून आवाज आला, हसरा, नेहमीचा —

"उघडा बाबूजी. लेट तर नाही ना झालो मी?"

"नाही," तो म्हणाला. त्या दिवशीही नव्हतास. एवढंच म्हणायचं होतं पुढे, तीनच शब्द. ते तोंडात आले होते, पहिल्यांदाच इतके पुढे आले होते, आणि लोखंडी कडी हातात घट्ट धरून तो दाराच्या आतल्या बाजूला उभा होता.