दारावरचा चेहरा

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले आहे. माझा भोंगा घसा बसल्यासारखा वाजतो आणि मागचे दार लाथ मारल्याशिवाय लागत नाही. मी एक रुग्णवाहिका आहे. फिलिपिन्समधल्या एका डोंगराळ बेटावर माझे आयुष्य गेले, आणि ते सगळे एकाच माणसाच्या नावाने गेले.

तो माणूस म्हणजे गव्हर्नर इसिद्रो लाकांब्रा. वडील गव्हर्नर, काका महापौर, घरात उभे राहायला शिकले की पोरे निवडणुकीलाच उभी राहायची. इसिद्रोसाहेब पहिल्यांदा निवडून आले त्या वर्षी मला बोटीतून आणले. मी पांढरीशुभ्र होते. दुसऱ्याच दिवशी माझ्या दोन्ही दारांवर साहेबांचा हसरा चेहरा रंगवला गेला. खाली लिहिले होते, 'गव्हर्नर इसिद्रो यांची प्रेमाची भेट'. पैसा सरकारचा होता, पण विचारतो कोण?

खोटे कशाला बोलू, मला तेव्हा त्या चेहऱ्याचा अभिमान होता. वादळात मी माणसे वाहिली. माझ्या पोटात जन्मलेल्या सात मुलांची नावे इसिद्रो ठेवली. किल्ली मात्र साहेबांच्या घरी असे. रुग्णाच्या घरच्यांनी आधी तिथे जायचे, साहेबांनी पाठीवर हात ठेवायचा, मग किल्ली मिळायची. माणूस बरा झाला की उपकार साहेबांचे.

नऊ वर्षे अशी गेली. सलग चौथ्यांदा उभे राहायला कायद्याची बंदी, म्हणून साहेबांनी बायकोला उभे केले. साहेबांची धाकटी बहीण अमेलिता भडकली. "बाबांची खुर्ची लेकीला मिळेल, सुनेला नाही," असे म्हणून तीही उभी राहिली आणि जिंकली. रागाच्या भरात साहेबांनी माझी किल्ली परत केलीच नाही.

अमेलिताबाईंच्या शपथेच्या दिवशी मी गव्हर्नरच्या कचेरीच्या आवारात उभी होते. शेजारी साहेबांचा चेहरा पुसायला पांढऱ्या रंगाचे डबे मांडले होते. दुपारी एक वाजता माझा चालक तासियो धावत आला. वरच्या गावातून जावयाचा फोन आला होता. तासियोची मुलगी रोसेन्दा बाळंतपणाला अडली होती आणि रक्त थांबत नव्हते. गावच्या सगळ्या जीप माणसे भरून शपथेच्या जेवणाला खाली आल्या होत्या.

फाटकावरच्या निकानोरने त्याला अडवले. "तासियोदादा, दारावरचं हे थोबाड आज रस्त्यावर दिसलं तर माझी नोकरी गेली."

"मग रंग फासतो. डबे आहेतच की."

"हात लावू नकोस. पहिला ब्रश उद्या बाई मारणार आहेत. फोटोवाला सांगून ठेवलाय."

"अरे, माझी पोर मरतेय!"

निकानोरने फाटकाची कडी ओढून घेतली. त्यालाही दोन मुली होत्या, पण नोकरी एकच होती. तासियोने माझ्या बॉनेटवर कोपर टेकून साहेबांना फोन लावला.

"साहेब, किल्ली पाहिजे. रोसेन्दासाठी."

"कुठली रोसेन्दा?"

"माझी मुलगी, साहेब. बाप्तिस्म्याला तुम्हीच होता तिचे धर्मपिता."

साहेबांची धर्मलेकरे चारशेच्या वर होती, त्यांना आठवणार कशी? "अमेलिताला म्हणावं, स्वतः येऊन माग," ते म्हणाले.

"साहेब, तिच्याकडे फार वेळ नाहीये हो. आणि तुमच्या चेहऱ्यासकट गाडी फाटकाबाहेर सोडत नाहीत." तासियो मोठ्याने रडू लागला. मी नुसती उभी होते. चाकांत हवा होती, टाकीत डिझेल होते, आणि मला जागचे हलता येत नव्हते. त्या दुपारी मला माझ्या पत्र्याची किळस आली.

पाऊण तासाने साहेब आले. पायात घरातल्या सपाता, बरोबर कोणी नाही. त्यांनी डबा फोडला, ब्रश बुडवला आणि दोन्ही दारांवरच्या स्वतःच्या चेहऱ्यावर रंग ओढला. आधी डोळे गेले, मग हसू, मग खालचे नाव. निकानोरची अडवायची हिंमत झाली नाही. उद्या बाईंना दाखवायला पुरावा हवा म्हणून त्याने मोबाइलवर फोटो तेवढा काढला. साहेबांनी किल्ली तासियोच्या हातात ठेवली तेव्हा अडीच वाजले होते.

मी जिवाच्या आकांताने चढ चढले. बाळ जिवंत होते. रोसेन्दाने मात्र उतारावर, दुसऱ्या वळणाशी जीव सोडला. तासियो आरशात मागे बघत "आलंच, बाळा, आलंच" म्हणत गाडी हाकत राहिला. दवाखान्याच्या दारात कोणीतरी त्याला हात धरून खाली उतरवले.

तीन वर्षांनी पुन्हा निवडणूक आली. चौकाचौकांत एक मोठा फलक लागला. त्यावर इसिद्रोसाहेब होते, हातात ब्रश, पायात सपाता. खाली लिहिले होते, 'गरिबाच्या लेकीसाठी ज्याने स्वतःचे नाव पुसले'. निकानोरने तो फोटो विकला होता. साहेबांनी तासियोला व्यासपीठावर बोलावले. नातीचे पोट त्याच्या पगारावर होते, म्हणून तो जाऊन उभा राहिला. माइक पुढे आला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. लोकांना वाटले, गहिवरून आले. साहेब प्रचंड मतांनी निवडून आले.

आज माझ्या दोन्ही दारांवर साहेबांचा नवा चेहरा आहे, ब्रशसकट. किल्ली पुन्हा त्यांच्या घरी असते.

मित्रांनो, मला नवे टायर नकोत, नवा भोंगा नको. तुम्ही मोठे व्हाल, मते द्याल, कदाचित निवडूनही याल. तेव्हा माझी किल्ली माझ्याजवळ ठेवा, एवढीच भीक मागते. वरच्या गावात आज पुन्हा कोणीतरी अडले आहे, आणि तासियो साहेबांच्या दारात रांगेत उभा आहे.