थोरलीच्या डोळ्यांतलं सोनेरी कडं

माझ्या दवाखान्यासमोरच्या जिन्यावर सकाळपासून माणसं उभी असायची. जिना अरुंद, चढणारे-उतरणारे एकमेकांच्या पायांवर पाय देत होते, तरी कुणाची कुरकुर नाही. कारण वरच्या मजल्यावर टेलरमास्तरांची थोरली मुलगी खुर्चीत बसवलेली होती आणि तिच्या बुबुळांभोवती सोनेरी कडं होतं. खरंच होतं, बरं का. ते खोटं असतं तर माझं काम सोपं होतं.

तिच्या शेजारी तेजबाबा. हे गृहस्थ पूर्वी दारोदार पाण्याचे फिल्टर खपवायचे. आता थोरलीच्या डोळ्यांवर टॉर्च मारून भाविकांना सांगायचे की तेज बाहेर पडतंय, नजर खाली करू नका, मिळेल तेवढं घ्या. तिचे हात पंखांसारखे फडफडायचे, म्हणजे तेज हवेत अक्षरं काढतंय. तिची जीभ अडखळायची, लाळ गळायची, म्हणजे ती वरची भाषा बोलतेय. भाषांतराचं खातं अर्थातच बाबांकडे. एकदा ती बिचारी "पाठ दुखते" म्हणाली. बाबांनी त्याचा अर्थ विश्वशांती असा लावला, आणि लोकांनी हात जोडले.

वर्षभरापूर्वी ही पोर बापाच्या दुकानात काजं करायची, आणि इतकी सुबक की गिऱ्हाईकं शर्ट उलटून टाके बघायची. मग सुई हातातून गळायला लागली. बोलणं जड झालं, चिडचिड वाढली. आईला वाटलं, कामचुकारपणा करतेय. एका डॉक्टरांनी रक्तातलं तांबं तपासायला सांगितलं. शहाणा माणूस. रिपोर्ट आला, तांबं कमी. तो घेऊन परत त्यांच्याकडे जायचं, एवढंच उरलं होतं. पण त्याच दिवशी तेजबाबा कोटाचं माप द्यायला दुकानात टपकले.

त्यांनी रिपोर्ट हातात घेतला, वाचला आणि म्हणाले, तांबं कमी आहे ना, मग तांबं द्या की पोरीला.

मास्तरांना पटलं. कमी आहे ते भरून काढायचं, यात कुणाला काय खटकणार? तांब्याच्या भांड्यात लिंबू पिळलेलं पाणी रात्रभर ठेवायचं आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ पाजायचं, असं सुरू झालं. पोरीचे हात आणखी थरथरले, पोट फुगलं, आणि एक दिवस कुणाला तरी ते कडं दिसलं. झालं, दुखण्याचा दरबार झाला. भाविकही पाणी पिऊ लागले. कुणाला उलटी झाली की बाबा म्हणायचे, विष बाहेर पडतंय. स्वतः सगळ्यांदेखत पहिला घोट घ्यायचे, खांद्यावरच्या टॉवेलने तोंड टिपायचे आणि ठणठणीत असायचे.

हे सगळं मला थोरलीच्या आईनेच सांगितलं. माझ्याकडे डोळे तपासायला आली होती आणि कौतुकाने सांगत होती. मी तिची तपासणी अर्धवट टाकली आणि तिला घेऊन जिना चढले. रांगेत घुसले म्हणून शिव्याही खाल्ल्या.

मी थोरलीचे डोळे पाहिले, पोट चाचपलं. मग मास्तरांना म्हणाले, "हे तेज नाही. हे तांबं आहे. तिच्या डोळ्यांत साचलंय, यकृतात साचलंय, मेंदूत साचलंय. आत्ता खाली उतरवा हिला."

बाबा हसले. रिपोर्ट फ्रेम करून भिंतीवर लावला होता, तिकडे बोट दाखवलं. "बाईसाहेब, वाचता येतं ना? तांबं कमी."

लोक खदखदून हसले. मी डोकं शांत ठेवून मास्तरांशीच बोलले, ते मला एरवी जमत नाही. म्हटलं, रक्तातलं तांबं एका वाहकाच्या पाठीवर बसून फिरतं, आणि तो वाहक यकृत तयार करतं. जास्तीचं तांबं शरीराबाहेर टाकणं हेही यकृताचंच काम. तुमच्या मुलीच्या यकृताला जन्मापासून ही दोन्ही कामं धड जमत नाहीत. हमालच नाहीत, म्हणून रस्त्यावर माल कमी दिसतो. पण गोदाम फुटायला आलंय. आणि लिंबामुळे भांड्याचं तांबं पाण्यात उतरतं. तुम्ही तिला तिचा आजारच पाजताय.

हसणं थांबलं. बाबा मात्र सराईत. "मीही तेच पाणी पितो. मला का नाही काही झालं?"

उत्तर थोरलीच्या आईने दिलं. ती बाबांच्या खांद्याकडे बघत होती. "हा टॉवेल रोज मी धुते," ती म्हणाली. "हिरवे डाग पडतात, घासून जात नाहीत. मला वाटायचं, तुमचं तेज लागलंय." तिने टॉवेल ओढून घेतला आणि पिळला. लिंबाच्या वासाचं पाणी तिच्या मनगटावरून ओघळलं. "तुम्ही थुंकत होता. माझी पोर गिळत होती."

बाबा निघाले. कुणी अडवलं नाही. जिन्यावरच्या लोकांनी सवयीने वाट करून दिली, एकाने तर नमस्कारही केला.

थोरली वाचली नाही. हॉस्पिटलमध्ये नेली तेव्हा यकृत संपलं होतं. या आजारावर औषध आहे. वेळेत आली असती तर रोज गोळ्या घेऊन आजही काजं करत बसली असती, हे मी तिच्या आईबापाला तोंडावर सांगितलं. निर्दयपणा झाला, पण घरात धाकटी होती आणि आजार रक्ताच्या नात्यातून येतो. धाकटीचं रक्त तपासलं, लघवी तपासली. रक्ताच्या रिपोर्टवर तोच शब्द, कमी. या वेळी मास्तर दुकान उघडं टाकून धावत आले. धाकटीला गोळ्या चालू आहेत. त्या आयुष्यभर घ्यायच्या, पण आयुष्य आहे.

परवा त्या रांगेतली एक बाई चष्म्याचा नंबर काढायला आली. उठताना हळूच विचारते, "धाकटीच्या डोळ्यांत आलं का हो काही?" मी नाही म्हटलं, आणि गोळ्या चालू आहेत तोवर येणारही नाही म्हटलं. बाईंचा चेहरा खरोखर पडला.

मी त्यांना परत खाली बसवलं. म्हटलं, रिपोर्ट आला की ज्याने तपासणी सांगितली त्याच्याकडे जा. नुसता आकडा वाचू नका, तो तसा का आला ते विचारा. पटलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरला विचारा, मला विचारा, वाटेल तेवढे प्रश्न विचारा. तुमच्यापैकी एकानेही त्या माणसाला एक साधा प्रश्न विचारला नाही. पोर मरत होती, बाई, आणि तुम्ही ते बघायला रांग लावली होती.