तरुण खुब्यातला सांधा

मी या माणसाच्या उजव्या खुब्यातला बनावट सांधा बोलतोय. जरा सबुरीनं ऐका, माझ्यात आता फारसा जोर उरलेला नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा काय तोरा होता माझा! धातूचा दांडा, त्यावर गुळगुळीत गोळा आणि तो फिरायला आतून प्लास्टिक लावलेली वाटी. माझा एक भाऊबंद इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्या आजींना बसवला. त्या न्हाणीघरात घसरल्या होत्या. मी मिळालो या गड्याला. घरसामान हलवणारा, ऐन तिशीतला. कपाटासकट जिन्यावरून पडला आणि खुब्याच्या खोबणीचं हाडच फुटलं. पट्ट्या, स्क्रू लावून जोडलं, तरी सांधा झिजला. मग मला आणलं.

डॉक्टर म्हणाले, "आजींना हा जन्मभर पुरेल. तुला नाही पुरायचा. तू तरुण आहेस, तिथंच घोडं अडतंय. जड उचलू नकोस. आणि दुखो न दुखो, दरवर्षी एक्स-रे फोटो काढायला ये."

यानं मान डोलावली. काठी सुटली आणि सगळं विसरला. पाठीवर फ्रिज, ट्रकवरून थेट खाली उडी. माझं प्लास्टिक वर्षानुवर्षं कणाकणानं झिजत होतं आणि त्या कणांपायी भोवतालचं हाड पोखरलं जात होतं. मला नसा नाहीत हो, मी ओरडणार कसा?

बायको मागे लागायची, "अहो, फोटो तरी काढून या."

"दुखतंय कुठे? उगाच कामाचा खाडा!"

शेवटी दुखलं, तेव्हा पाय जमिनीवर टेकवेना. इस्पितळात त्या आजींची सून भेटली. म्हणाली, "सासूबाई गेल्या हो. पण शेवटपर्यंत बेल वाजली की स्वतः उठून दार उघडायच्या." मला फार हेवा वाटला. कारखाना तोच, धातू तोच. माझ्या भावाला म्हातारपण मिळालं, मला तारुण्य.

डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. "वाटी सुटलीय. नवा सांधा बसवू, पण त्याला धरायला हाड किती उरलंय, ते उघडल्यावरच कळेल."

"पुन्हा चालेन ना मी?" यानं विचारलं. डॉक्टरांनी ऑपरेशनचा कागद सहीसाठी पुढे केला.

याच्यावर मी पुष्कळ चिडलोय. पण आजींच्या जिवावर कुणाचं घर चालत नव्हतं, याच्या जिवावर चालतं. हा उड्या हौसेनं मारत नव्हता.

आता याला टेबलावर घेतलंय. डॉक्टर, वाटी सहज निघेल. दांडा मात्र हाडात पक्का रुतलाय. इतक्या वर्षांत त्या हाडानं मला आपलं मानलंय. हातोडी बेतानं मारा. मला वाकवा, कापा, भंगारात टाका. फक्त मी निघताना याचं हाड माझ्यासोबत येऊ देऊ नका. याला अजून पुष्कळ चालायचंय.