दोन्ही किल्ल्या

मित्रांनो, शहापुरातल्या एका अरुंद बोळात हिरव्या दारावर लटकलेलं जुनं पितळी कुलूप म्हणजे मी. वय विचारू नका. पितळ काळं पडलं आहे, कडी सैल झाली आहे आणि खरं सांगायचं तर आता राखण करण्याचाही कंटाळा आला आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. मला ओतलं, कानशीने घासलं आणि दोन किल्ल्यांसकट खोक्यात घातलं. रवळूअण्णांनी मला इथल्याच बाजारात विकत घेतलं. दुकानदार स्वस्तातलं लोखंडी कुलूप दाखवत होता, पण अण्णा म्हणाले, आत माझे माग आहेत, भक्कम असेल तेच द्या. त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं मान ताठ ठेवून काढली.

ते दिवस चांगले होते. दिवसभर आत मागांची खटखट चाले, साड्या विणल्या जात आणि मी खुंटीवर आराम करी. खंडेनवमीला मागांबरोबर मलाही हळदकुंकू लागे. पुढे साड्यांचं गिऱ्हाईक आटलं, माग भंगारात गेले आणि थोड्याच दिवसांत अण्णाही गेले. त्यांच्या पत्नी मालुबाई बाजूच्या छोट्या स्वयंपाकघरात एकट्या राहू लागल्या. मी रिकाम्या खोलीची राखण करत राहिलो. रिकाम्या खोलीची राखण फार जड जाते, मित्रांनो.

मग एक दिवस मालुबाईंचा मावसभाऊ भरमू गुंजीहून पिशवी घेऊन आला. त्याला उद्यमबागेतल्या एका कारखान्यात काम मिळालं होतं. दोन महिने राहतो, जागा मिळाली की जातो, असं तो म्हणाला. मालुबाईंनी त्याला ही रिकामी खोली दिली, भाड्याचा शब्दही काढला नाही. निपाणीला दिलेली त्यांची लेक रूपाली फोनवर म्हणाली, काहीतरी लिहून घे, निदान एक किल्ली तरी जवळ ठेव. मालुबाईंना ते ऐकून रागच आला.

"पाव्हण्याला एक किल्ली द्यायची आनि दुसरी आपल्या कनवटीला खोचायची, म्हंजे त्येला चोर समजल्यागत की गं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी दोन्ही किल्ल्या भरमूच्या हातावर ठेवल्या.

भरमू वाईट माणूस नव्हता, हे मी सांगितलंच पाहिजे. तो मालुबाईंना नळाचं पाणी भरून द्यायचा, ताप आला तेव्हा त्यांना रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेला. पण दोन महिन्यांची दोन वर्षं झाली. गावाकडून त्याची बायको आली, गॅस आला. आधार कार्डावर हाच पत्ता चढला. लाईट बिलावरून कटकट नको म्हणून त्याने स्वतःच्या नावावर वेगळा मीटर मागितला, आणि मालुबाईंनी विश्वासाने संमतीची सही केली. भटाला दिली ओसरी आणि भट हळूहळू पाय पसरी, ही म्हण त्यांना पाठ होती. पण म्हण नेहमी दुसऱ्याच्या घराला लागू होते, असं आपल्याला वाटतं.

त्यानंतर रूपाली नवऱ्याचं घर सोडून शिलाई मशीन घेऊन आईकडे आली. या खोलीत दुकान टाकायचं आणि पोट भरायचं, एवढंच तिचं मागणं होतं. मालुबाईंनी भरमूला खोली सोडायला सांगितलं. तो खाली बघून बोलला.

"आक्का, मी कुठं जाऊ? मीटर माझ्या नावावर हाय, पत्ता हितला हाय. मी न्हाय सोडत. कोर्टात जावा."

दुसऱ्या दिवशी त्याने मला लावलं आणि बायकोला घेऊन गुंजीला निघून गेला. आता ताबा सुटू नये म्हणून अधूनमधून येतो, उघडतो, पुन्हा लावून जातो.

रूपालीने हातोडा आणला तेव्हा, मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला तुटावंसं वाटलं. पण मालुबाईंनी तिचा हात धरला. कॅम्पातल्या वकिलांनी त्यांना बजावलं होतं, की कुलूप तोडलंत आणि आतलं सोनं गेलं अशी त्याने फिर्याद दिली, तर घर तुमचं असूनही तुम्हीच अडकाल. घरात घ्यायला एक शब्द पुरला होता, बाहेर काढायला कोर्ट लागलं. आता तारखा पडतात. वकिलाच्या फीपायी मालुबाईंच्या पाटल्या गेल्या. माझ्या अण्णांची बायको माझ्यासमोरून जाते आणि मी तिला आत घेऊ शकत नाही. फार वाईट वाटतं.

परवा समोरच्या बाळाबाईंनी आपली रस्त्याकडची खोली रूपालीला देऊ केली. तुझ्या लेकीकडून कसला कागद घ्यायचा, असं म्हणत त्या हसल्या. मालुबाई हसल्या नाहीत.

"कागद कर," त्या म्हणाल्या. "अकरा म्हैन्याचा कर, भाडं लाव. भरमू बी वाईट न्हवता. उद्या माझ्या लेकीचं मन कसं फिरंल, मला सांगता यायचं न्हाय."

रूपाली तिथेच उभी होती. ती आईकडे बघत राहिली. मग मशीनवरचं प्लॅस्टिक काढू लागली.

मित्रांनो, अडल्या माणसाला आसरा जरूर द्या. दारं बंदच ठेवा, असं एक कुलूप असूनही मी म्हणणार नाही. पण किती दिवस, कोणत्या अटीवर, ते पहिल्याच दिवशी लिहून घ्या. त्यात कुणाचा अपमान नसतो. तो कागद मालुबाईंनी भावाकडून घेतला नाही, म्हणून आज तो पोटच्या लेकीकडून घ्या, असं त्यांना बाळाबाईंना सांगावं लागलं.